मनुकांचा रस

गोजरबाईंनी चुलीवरचं पातेलं फडक्याशिवाय उचललं.

तबिता फडकंच शोधत होती. ते तिच्याच खांद्यावर होतं. "थांबा मावशी," एवढं तिच्या तोंडून निघेपर्यंत पातेलं दगडावर आलं होतं आणि आतला मनुकांचा रस काठापर्यंत हिंदकळून खाली बसला होता.

"बुडाला लागला असता आता," गोजरबाई म्हणाल्या. "तुझं ध्यान कुठं ऱ्हातं गं, तबे? उद्या मंडळीत घेऊन राह्यलेत तुला, आन् फडकं खांद्यावर टाकून गावभर हुडकती."

तबिता हसली, आणि हसता हसता थांबली. गोड वाफेत दुसराच एक वास मिसळला होता, केस जळाल्यासारखा. गोजरबाईंच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून पातेल्याला टेकलेली होती आणि गाळायची मलमल कुठल्या खुंटीवर आहे ते त्या सांगत होत्या.

मग त्यांनी तबिताच्या तोंडाकडं पाहिलं. तिची नजर कुठं खिळली आहे ते पाहिलं. हात मागं घेतला, बोटांवर फुंकर घातली.

"आई गं," त्या म्हणाल्या.

फार उशिरा म्हणाल्या.

तबिताने मलमल आणली. एक टोक तिने धरलं, एक त्यांनी. रस गाळून होईपर्यंत दोघी बोलल्या नाहीत. एरवी तबिताचं तोंड मिटत नसे. सातवीत पहिली आल्यापासून तर मिशनच्या आवारात तिचा आवाज आधी आणि ती मागून यायची.

पाळकसाहेबांच्या घरामागच्या पडवीतलं हे काम वर्षानुवर्षं गोजरबाईंचं होतं. तीन महिन्यांतून एकदा देवळात प्रभुभोजन, पाव आणि रसाचं. त्याच्या आदल्या दिवशी भिजवलेल्या मनुका उकळायच्या, कुस्करायच्या, गाळायच्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी काही देतही नव्हतं. मुठीची ज्वारीही तशीच. वस्तीतल्या बायका रोज दळायला बसण्याआधी एक मूठ ज्वारी गाडग्यात बाजूला टाकत, आणि शनिवारी गोजरबाई ती घरोघर गोळा करून निराधार बायांना नेऊन देत. पिशवी धरायला तबिता असायची. पावसाळ्यापासून गोजरबाई गाडग्याला हात लावत नव्हत्या. "वता तुमीच पिशवीत," म्हणायच्या. बायकांना वाटायचं, बाईचे गुडघे दुखत असतील. चैत्रातही त्यांच्या पोलक्याच्या बाह्या मनगटापर्यंत असत.

हे सगळं तबिताने रोज पाहिलं होतं. आज ते एका जागी येऊन उभं राहिलं.

हिवाळ्यात मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मड्डम शाळेत येऊन गेल्या होत्या. त्यांनी चित्रं दाखवली. अंगावर फिका चट्टा आणि त्यावर काटा टोचला तरी कळत नाही, तर महारोग समजायचा. लौकर आलात तर सुया देऊन रोग थांबवता येतो, त्या म्हणाल्या होत्या. परतूरवरून निजामाबादेकडं जाणारी गाडी त्याच दवाखान्यापाशी थांबते. नंतर मुलींनी बाभळीचे काटे आणून एकमेकींना टोचले होते. सगळ्यांत मोठ्याने तबिताच ओरडली होती.

तिने पडवीतल्या चुलीकडं पाहिलं. काटा कशाला हवा होता.

"नववी आज्ञा?" गोजरबाईंनी एकदम विचारलं. त्या डाव्या हाताने रस बाटलीत ओतत होत्या.

खोट्या साक्षीची आज्ञा तबिताने एका दमात म्हणून टाकली.

"पाळकसाहेब मधूनच इचारतात. क्रमानं न्हाई." त्यांनी बूच बसवलं. "बराबर म्हणलीस."

"मावशी."

"काय?"

"उद्या तुमी मागंच बसा की. दाराजवळ. नेहमीच्या जागी."

गोजरबाई बाटली पुसत राहिल्या. "पाळकसाहेबांनी नाव वाचलंय माझं. मागं बसले तर का म्हणून इचारतील."

तेही खरं होतं. तबिताला आज्ञा त्यांनीच शिकवल्या होत्या. जो नवीन माणसाला शिकवतो, तो त्या दिवशी त्याच्याबरोबर पहिल्या बाकावर बसतो. रसाचा प्याला आधी तो पितो आणि आपल्या हाताने नव्याच्या हातात देतो. तिथून प्याला बाकाबाकावरून साऱ्या देवळात फिरतो. विलायतेहून आलेला तो एकच कथलाचा प्याला. मंडळीचे वडीलधारे पुंजारामकाका सांगायचे, आपल्या आज्यांना विहिरीवर वरून ओंजळीत पाणी ओतायचे. इथं एका प्याल्याला सगळ्यांची तोंडं लागतात, तेवढ्यासाठी आपण इथं आलो. गावातले लोक 'उष्टं पिणारे' म्हणून हिणवत, तर काका त्यावर छाती काढून चालत. वेगळ्या वाट्यांचं नाव त्यांच्यापुढं काढायची कुणाची छाती नव्हती.

सहा महिने गोजरबाई दाराजवळच्या शेवटच्या जागी बसत होत्या. प्याला त्यांच्याकडं सगळ्यांनंतर यायचा, आणि उरलेला रस काका बाहेर लिंबाच्या बुडाशी ओतायचे. बाई नम्र आहे, असं सगळे म्हणत.

"घरी कुणाला काई सांगायचंय का तुला?" गोजरबाईंनी विचारलं.

"कशाचं?"

"कशाचं न्हाई," त्या म्हणाल्या आणि चूल विझवायला वाकल्या.

घरी साळूबाई, तबिताची आई, पांढऱ्या लुगड्याला काठ लावत बसली होती. मांडीवर सहा महिन्यांची धाकटी दूध पिता पिता झोपली होती.

"आलीस? बघ, पदर कसा पडतो ते. उद्या माझी लेक पहिल्या बाकावर, आन् मी तिच्या पाठीमागं. प्याला तुझ्याकडनं माझ्याकडं." साळूबाई स्वतःशीच हसली. "तोंड का उतरलंय? भ्याली व्हय पाळकसाहेबांना?"

"आई, बद्रीनाथमामा आठवतात का गं?"

सुई थांबली.

"आज कशाला त्याचं नाव?"

"असंच."

तबिता तेव्हा सात वर्षांची होती. बद्रीनाथमामांची कानाची पाळी जाड झाली, आणि कुणीतरी ते मोठ्याने बोललं. मग त्यांनी बाहेर लिंबाखाली बसायचं ठरलं. गाणी खिडकीतून ऐकायची. भोजनाच्या दिवशी रस मातीच्या बोळक्यात, तो खिडकीवर ठेवायचा आणि आतल्याने दूर व्हायचं. तीन रविवार ते आले. चौथ्या रविवारी लिंबाखाली कुणी नव्हतं.

"तीनदा फिनेलनं धुतली त्याची बाकावरची जागा," साळूबाई म्हणाली. "ह्याच हातानं. तरी वरीसभर तिथं कुणी बसलं न्हाई." तिने दोरा दाताने तोडला. "चांगला माणूस व्हता."

"कुठं गेले?"

"कोण इचारतंय."

धाकटीने झोपेत ओठ हलवले. तबिता तिच्याकडं बघत राहिली. सांगितलं, तर उद्या सकाळी लिंबाखाली गोजरबाई असतील. नाही सांगितलं, तर तो प्याला माझ्या तोंडाला लागेल, मग आईच्या, आणि आईचं दूध हिच्या. तिने दोनदा तोंड उघडलं. दुसऱ्यांदा साळूबाईने वर पाहिलं.

"पाणी देऊ का?" तबिता म्हणाली.

सकाळी ती पहिल्या बाकावर बसली तेव्हा गोजरबाई आधीच तिथं होत्या. उजव्या हाताला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली होती. दोघींच्या मधे वीतभर जागा होती. त्या सरकल्या नाहीत, तबिताही सरकली नाही.

रखमाजी पाळकांनी प्रश्न विचारले. तबिताची उत्तरं बिनचूक आली. तिला ती स्वतःच्या तोंडून दुसरंच कुणी देत असल्यासारखी ऐकू आली. मागून साळूबाईने हळूच तिच्या पाठीला बोट लावलं, शाबासकीचं. पावाचे तुकडे ताटातून फिरले. ज्याने त्याने आपला उचलला. गोजरबाईंनी डाव्या हाताने उचलला.

मग पाळकसाहेबांनी नेहमीचं विचारलं. "कुणाचं कुणाशी वाकडं असेल, तर त्यानं आज प्याला घेऊ नये. इथंच, सर्वांसमोर हात मिळवावा, आणि दोघांनी पुढच्या भोजनापर्यंत थांबावं."

हे दर वेळी विचारलं जायचं. दर वेळी कुणीतरी खोकायचं आणि काम पुढं जायचं.

पुंजारामकाका प्याला घेऊन आले. तो त्यांनी दोन्ही हातांनी गोजरबाईंपुढं धरला. तबिताने डोळे मिटले नाहीत. तिला मिटता आले नाहीत. काठापाशी रसाचा काळपट जांभळा गोल हलत होता.

गोजरबाईंनी पदर तोंडावर घेतला आणि मान हलवली.

काकांना कळलं नाही. त्यांनी प्याला आणखी जवळ नेला. गोजरबाईंनी पुन्हा मान हलवली. मागच्या बाकांवरची कुजबुज थांबली.

"गोजरबाई," रखमाजी पाळक खाली उतरून आले. "कुणाशी?"

त्यांनी पदर आणखी घट्ट धरला.

"तुमचं कुणाशी वाकडं आहे? नाव सांगा. ती व्यक्ती इथं आहे का?"

पदराआडून श्वास तेवढा ऐकू येत होता. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं, एवढंच. बाकी सगळं त्या रात्रीत ठरवून आल्या असाव्यात.

"आन् हाताला काय झालं?" पुंजारामकाका म्हणाले. ते वाकून चिंधीकडं बघत होते. "बघू. सोडा ती."

तबिता उभी राहिली.

"माझ्याशी," ती म्हणाली.

आवाज फार मोठा आला. पार शेवटच्या बाकापर्यंत गेला.

"काल रस करताना मी उलट बोलले त्यांना. पातेलं ओढलं. त्यांच्या हातावर आलं. तेव्हापासून बोलत न्हाई आम्ही."

गोजरबाईंचा पदर तोंडावरून खाली आला. त्या तिच्याकडं बघत राहिल्या.

"हे खरं का?" पाळकसाहेबांनी विचारलं. विचारलं तबिताला.

"हो."

"मग आज तुलाही प्याला नाही. तीन महिने."

"हो."

मागं साळूबाईच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. कुणीतरी म्हणालं, "पहिली आली ना शाळंत, मंग व्हनारच." पुंजारामकाका क्षणभर तसेच उभे राहिले. मग ते वळले, आणि प्याला पहिल्या बाकावरून, दोघींच्या डोक्यांवरून मागं गेला. तबिताने आईचा घोट ऐकला. रडत घेतलेला घोट वेगळा ऐकू येतो. मग दुसऱ्या बाकावरचे घोट, मग तिसऱ्या. ती मोजत नव्हती, फक्त ऐकत होती.

प्याला दारापर्यंत जाऊन परत आला तेव्हा पाळकसाहेबांनी खूण केली. दोघी मेजापुढं उभ्या राहिल्या.

गोजरबाईंनी डावा हात पुढं केला.

"उजवा," पुंजारामकाका म्हणाले. "समेटाला उजवाच द्यायचा असतो. भाजला आसंल तर हळू धरंल ती."

गोजरबाईंनी हात पोटाशी धरला. त्यांच्या डोळ्यांत काल पडवीत नव्हती ती भीती होती, आणि ती स्वतःसाठी नव्हती. तबिताला फिनेलचा वास आठवला. खिडकीतलं बोळकं आठवलं. सगळी मंडळी बघत होती. हात नुसता लावून सोडला असता तरी चाललं असतं.

तिने तो हात पोटापासून ओढून घेतला आणि आपल्या हातात धरला. चिंधी ओली होती. खालची बोटं ऊन होती, कुणाचीही असतात तशी.

मागं गाणं सुरू झालं. त्या आवाजात ती पुटपुटली, "तीन महिने हायत मावशी आपल्याकडं. उद्या मड्डमकडं जाऊ. मी येते संगं."

तबिताने हात आणखी दाबला, आणखी, स्वतःची बोटं पांढरी होईपर्यंत. किती घट्ट धरलंय ते कळावं म्हणून गोजरबाई तिच्या तोंडाकडं बघत होत्या.