मेंढरांनी चोपलेलं अंगण

“अहो, पाणी शिंपडा म्हटलं होतं मी! शिंपडा! तळं करा म्हटलं होतं का?”

आक्का दारात उभी राहून ओरडत होती. तिचा नवरा, साऱ्या गावाचा बापू, पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभा राहून हातातल्या फावड्याकडं बघत होता, जसा काही सगळा गुन्हा त्या फावड्याचाच.

झालं होतं असं. थोरलीचं लग्न शहरात कचेरीत सह्या करून उरकलं होतं. आता रविवारी स्वागतसमारंभ, आणि तोही आक्काच्या अंगणात. सासरची माणसं पैसेवाली. त्यांचं म्हणणं, आमच्याकडं हॉल आहे, तुम्ही नुसतं या आणि जेवून जा. आक्का उसळली. “माझ्या पोरीच्या समारंभाला मी पाव्हणी म्हणून जाऊ? त्या घरातलं एक माणूस अजून माझा उंबरा चढलेलं नाही. एकदा येऊ देत, माझ्या हातचं जेवू देत. नाहीतर जन्मभर पोरीला ऐकवतील, तुझ्या माहेरी बसायला जागा नाही म्हणून!”

अंगण होतं उताराचं. खुर्च्या डुगडुगतील म्हणून बापूनं ते सगळं खणून काढलं. माती बसावी म्हणून विहिरीवरचा पंप चालू केला, आणि स्वतः गेला खुर्च्यावाल्याशी गप्पा मारायला. गप्पा म्हणजे बापूचा जीव की प्राण. परत येऊन बघतो तर काळी माती पाणी पिऊन टम्म फुगलेली. वर आभाळ गच्च भरलेलं, उन्हाचा पत्ता नाही, मधूनच झिमझिम. चिखल वाळायचा तरी कसा?

फुकटचा सल्ला द्यायला मात्र गाव गोळा झालं. शिंपी म्हणाला, पेंढा टाका. चिखलानं पेंढा गिळला. सुतार म्हणाला, फळ्या टाका. फळ्या तरंगायला लागल्या. शेजारीण म्हणाली, “हॉलच बरा होता गं.” आक्कानं तिच्याकडं असं बघितलं की बाईला घरी चुलीवर ठेवलेलं दूध आठवलं.

शेवटी बहिरा म्हातारा काठी टेकत आला. “तळ्याचा बांध घातला तेव्हा आम्ही काय केलं माहितंय? वर कोरडा मुरूम पसरला आणि मेंढरं फिरवली. मेंढराचा खूर बारका, माती दाबत जातो. बैल घालू नका, रुतेल.”

“पण आबा, मेंढरं आणायची कुणाची?”

म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही. पण उत्तर सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे आक्काकडं बघायला लागले.

साऱ्या शिवारात कळप एकाचाच. माळावर राहणाऱ्या मेंढक्याचा. गेल्या साली त्याची मेंढरं आक्काच्या उभ्या पिकात शिरली होती. आक्कानं ती हाकलून गोठ्यात कोंडली आणि रात्रभर दार उघडलं नाही. त्या चेंगराचेंगरीत एक गाभण मेंढी मेली. तेव्हापासून मेंढका या बाजूला फिरकला नव्हता. समारंभाचं बोलावणं साऱ्या गावाला गेलं, माळावर गेलं नाही.

आक्का माळावर गेली. पाय उचलत नव्हते, पण गेली. मेंढका दगडावर बसून एका कोकराच्या पायातला काटा काढत होता.

“मामा,” आक्का म्हणाली.

“अरे वा! गेल्या साली ‘मेल्या’ होतो, आज ‘मामा’ झालो. अडला हरी गाढवाचे पाय धरी. यातलं गाढव मीच ना?”

आक्कानं सगळं सांगितलं. सांगता सांगता रडू फुटलं. “तुमची मेंढी माझ्यामुळं मेली मामा. रात्री ओरडत होती. मला ऐकू येत होतं. तरी मी दार उघडलं नाही. काय बोलायचं ते बोला. पण माझ्या पोरीची लाज राखा.”

मेंढक्यानं काटा उपसला, कोकराला सोडून दिलं. “आणि बोलावणं?”

“तुम्ही या. मामींना घेऊन या.”

“कामाला बोलावतेस का जेवायला?”

आक्कानं पदरानं डोळे पुसले. मग खालच्या आवाजात म्हणाली, “आले होते कामाला बोलवायला. आता जेवायलाही बोलावते.”

“खरं बोललीस,” मेंढका म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मुरमाच्या गाड्या रिकाम्या झाल्या आणि कळप अंगणात शिरला. मेंढका पुढं, त्याची बायको मागं, मध्ये सगळी बें बें. गोल गोल, गोल गोल. मुरूम चिखलात बसत गेला. पुन्हा मुरूम, पुन्हा मेंढरं. आक्का स्वतः कळपामागं हाका घालत फिरत होती. घसा बसला, टाचा फुटल्या. दिवस कलता कलता जमीन अशी घट्ट झाली की पहार आपटली तर टण्ण वाजावं. लेंड्या झाडून काढल्यावर तर फरशीला मागं सारेल असं अंगण! आक्का त्याच्या मधोमध बसली आणि लहान पोरीसारखी हसली.

“बघा, बघा! आता ठेवा खुर्च्या!”

बापू हसला नाही. खांबाला टेकून नखं कुरतडत होता.

“काय झालं हो?”

“मी... फोन केला होता. व्याह्यांना. तू माळावर गेलीस ना, तेव्हा.”

“कसला फोन?”

“म्हटलं, अंगणाचा चिखल झालाय, हॉलच धरा. मला वाटलं, मेंढका कसला येतोय! माझा धीर सुटला गं. त्यांनी सगळ्यांना कळवलंसुद्धा. आता बदलता येणार नाही म्हणतात.”

 आक्कानं शिव्या दिल्या असत्या तर बापूला बरं वाटलं असतं. ती उठली, अंगणात एकटीच इकडून तिकडं चालली, आणि घरात जाऊन भिंतीकडं तोंड करून पडली.

रविवारी गाव नटूनथटून टेम्पोत बसलं. बापू नवा सदरा घालून पुढं. आक्का लुगडं नेसून बाहेर आली आणि थबकली. अंगणाच्या कडेला मेंढका आणि त्याची बायको उभी होती. धुतलेले कपडे, विंचरलेले केस. हॉलचा निरोप माळावर कुणी पोचवला नव्हता. जमीन खराब होऊ नये म्हणून दोघांनी वहाणा बाहेरच काढल्या होत्या.

“लवकर आलो का गं?” मेंढक्यानं विचारलं.

टेम्पोचा भोंगा वाजला. बापू ओरडला, “चल की! तिकडं पोरगी वाट बघतेय!”

 पोरगी आक्काच्या डोळ्यांपुढं आली, दाराकडं बघणारी. मग तिनं पदर खोचला.

“पाव्हणे आलेत माझ्या दारी! त्यांचं जेवण झाल्याशिवाय मी हलणार नाही. थांबायचं तर थांबा, नाहीतर जा!”

तिनं चूल पेटवली, भात टाकला, भाजी फोडणीला घातली. बाहेर भोंगा वाजत राहिला, मग टेम्पोचा आवाज लांब गेला. तिनं अंगणाच्या मधोमध दोन पाट मांडले, ताटं वाढली. मेंढक्याच्या बायकोनं हात धुतले, पण घास उचलेना. इकडंतिकडं बघत म्हणाली, “नवरानवरी कुठं दिसत नाहीत? त्यांच्या आधी आम्ही कसं जेवायचं?”

“येतील,” आक्का म्हणाली, आणि तिच्या ताटात आणखी भात वाढला. “तुम्ही जेवा.”