सबख्यापलीकडचा रामेश्वर

रामेश्वरचा फोन सोमवारपासून बंद होता आणि शुक्रवारी पहाटे मी उत्तरेला निघालो. मधले दिवस मला कशात थारा नव्हता. गावाकडून त्याची बायको सत्यभामा दिवसातून सहा-सात वेळा फोन करायची. बालाजीभाऊ, काही कळलं का, एवढंच विचारायची. रडायची नाही. गुरुवारी तिची सून फोनवर आली आणि हळूच म्हणाली, आत्याबाईंनी दोन दिवस ताटाला हात लावलेला नाही.

आम्ही परभणीकडच्या एकाच गावचे. मी कतारमध्ये, दोह्यात प्रताप साहेबांची गाडी चालवतो. रामेश्वर पार उत्तरेच्या टोकाला एका अरबाची इझबा सांभाळतो, म्हणजे शेळ्यांचा वाडा. सहा वर्षं एकटाच. जूनमध्ये मालक घरच्यांना घेऊन परदेशी जातो. मग तिथं रामेश्वर, ऐंशी शेळ्या आणि पाण्याचा पंप. ऊन लागून माणूस पडला तर उचलायला कोण? मला तर झोपेतही तो पडलेलाच दिसत होता.

साहेबांनी जुनी पजेरो दिली. त्यांच्या बायकोनं, मृणालिनीताईंनी, पाण्याची दोन खोकी मागं ठेवली. साहेब रस्त्याबद्दल काही सांगत होते, पण मी गाडी सुरू केली होती.

दोह्याला लागून असलेल्या लुसैलचे टॉवर मागं पडले आणि वारा सुरू झाला. तिकडं उन्हाळ्यात उत्तरेचा वारा दिवस दिवस थांबत नाही. वाळू डांबरावरून धुरासारखी सरकत होती. दोन्ही बाजूंना दगडगोट्यांचं सपाट रान, झाड नाही, चढ नाही. पाट्यांच्या सावलीत उंट उभे. मी चहालासुद्धा थांबलो नाही. दर दहा मिनिटांनी त्याचा नंबर लावायचा, बंद ऐकायचं, पुन्हा लावायचा.

उत्तर टोकाच्या रुवैस बंदरात एक जण तारेचे मोठे पिंजरे विणत बसला होता. ते समुद्रात सोडून मासे धरतात. त्याचं नाव अब्बास, बांगलादेशचा. रामेश्वरचं नाव त्याला माहीत नव्हतं, पण शेळ्यांवाला मराठी म्हटल्यावर हसला. पंधरा दिवसांपूर्वी मालकाच्या गाडीतून तंबाखू घ्यायला आला होता म्हणाला. मग पिंपावरच्या धुळीत बोटानं रस्ता काढून दाखवला. ओसाड पडलेलं जुनं गाव लागेल, त्याचा मिनार अजून उभा आहे. तिथून समोर इझबेची टाकी दिसते. सरळ दोन किलोमीटर, पण तिथल्या तारेच्या कुंपणाला धरून वळसा घालून जायचं, बावीस किलोमीटर.

"सीधा मत जाना, चाचा," तो म्हणाला. "सबखा है. ऊपर रोटी, नीचे दाल."

मी शुक्रन म्हणालो आणि निघालो.

त्या गावात छप्परं नव्हती. भिंतींतून वारा शिट्टी वाजवत होता. समोर टाकी दिसली, इतकी जवळ की तिच्यावरचा गंज दिसावा. मधे सगळी तडे गेलेली जमीन. मी उतरून टाच आपटून बघितली. टणक. अक्षरं मी चाळिशीत शिकलो, पण जमीन लहानपणापासून ओळखतो असा मला गर्व. आमच्याकडं तळं आटलं की तळाला असेच तडे जातात, आणि तडे गेले की त्यावरून भरलेली बैलगाडी जाते. भेगाळलेली जमीन म्हणजे सुकलेली जमीन, यात मला कधी शंका आलेली नाही. बावीस किलोमीटरचा वळसा माझ्यानं सोसवणार नव्हता. मी गाडी सरळ घातली.

अर्ध्यापर्यंत छान गेली. मग पुढची चाकं एकदम खाली बसली. पापुद्र्याखालून काळा चिखल वर आला, कुजका वास सुटला. दोह्यात जो तो सांगतो की वाळूत अडकलं तर टायरची हवा कमी करावी. मी ती केली. गाडी पोटावर टेकली. सबखा म्हणजे ही खारी दलदल; अब्बासची रोटी मोडली होती आणि मी डाळीत बसलो होतो. फोन काढला, तर त्यात समुद्रापलीकडच्या बहरीनचं नेटवर्क येऊन मला सलाम करत होतं. कुठंच लागेना. चालत निघालो तर तिसऱ्या पावलाला गुडघ्यापर्यंत गेलो आणि चप्पल आतच राहिली. पाय काढून घेऊन बॉनेटवर बसलो, उतरलो, पुन्हा बसलो. टाकीकडं बघून हाका मारल्या. वारा त्या माझ्याच तोंडावर आणून टाकत होता.

तासाभरानं टाकीकडून एक माणूस निघालेला दिसला. खांद्यावर दोन फळ्या. सरळ येत नव्हता. खाऱ्या झुडपांचे उंचवटे होते, त्या एकेका उंचवट्यावर पाय देत, नागमोडी. चालण्यावरून ओळखलं.

"काळ्या रानात आलास व्हय रे?" रामेश्वर लांबूनच म्हणाला. "गाडी घेऊन काय करायलास इथं?"

माझ्या तोंडून आधी शिवी गेली, मग पाणी आलं डोळ्यांत. तो धडधाकट होता. उलट जरा भरला होता. फोन कुठाय म्हणून विचारलं, तर पाण्याच्या हौदाच्या काठावर ठेवला होता, शेळीनं आत ढकलला म्हणाला. शेळ्या टाकून बंदरापर्यंत चालत जाता येत नव्हतं. एक दिवस पंप चुकला तर निम्म्या मेल्या असत्या. ते मला पटलं.

मी म्हटलं गाडी राहू दे, आधी इझबेवर चल, तिथून फोन लावू. तो म्हणाला, भरती आली की खालून पाणी चढतं, आधी गाडी. आम्ही हातांनी चिखल उपसला, फळ्या सरकवल्या, हातभर पुढं, पुन्हा फळ्या. चाकं टणक जमिनीवर यायला दोन तास लागले. मी एकसारखा सत्यभामेचं सांगत होतो आणि तो फळीकडं बघत हूं हूं करत होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की याला घाई नाही.

मग तो पुढं चालत दाखवील त्या टणक पट्ट्यावरून गाडी काढत इझबेवर पोचलो. टाकीच्या शिडीवर चढलं की कतारचं नेटवर्क येतं म्हणाला. मी चिखलानं भरलेले हात पुसून नंबर काढला, तर त्यानं माझं मनगट धरलं.

"तूच सांग, बाला. सापडला म्हन, बेस आहे म्हन. पुढच्या शुक्रवारी फोन करतो म्हन."

मी कामून म्हणून विचारलं.

तो शेळ्यांकडं बघत बोलला. "सहा वर्षं झाली. रोज सांजच्याला फोन. बोअर आटला, नातवाला ताप आला, भावकीनं बांध कोरला. इथं बसून मी काय करू सांग. नुसतं ऐकायचं. हे चार दिवस मी लई झोपलो रे."

मला राग आला आणि राग टिकेना. दोह्यात अल मुंतझाच्या खोलीत आम्ही चौघं जण असतो. फोन ठेवल्यावर भिंतीकडं तोंड करून पडणारे सगळेच.

"तिनं जेवण सोडलंय," मी म्हणालो. "तू बेस आहेस हे माझ्या तोंडून ऐकून ती जेवेल का?"

नंबर लावला आणि वाजणारा फोन त्याच्या हातात दिला. तो शिडी चढला. मी त्याच्या दोन पायऱ्या खाली.

"सत्ते, मी हाय," तो म्हणाला.

तो फोनचं, शेळीचं सांगू लागला, तर तिनं तोडलं. वारा होता तरी मला ऐकू आलं.

"काही सांगू नका. मी बी काही सांगत न्हाई. नुस्ता कानाला धरून ऱ्हावा."

तो टाकीला टेकून बसला. फोन कानाला, डोळे मिटलेले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेळ्या हौदाभोवती ओरडू लागल्या होत्या. मी खाली उतरलो, पंप सुरू केला आणि त्यांना पाणी सोडलं.