आठ बोटांची वलांडी

वसईत बोटं गेलेली माणसं काही कमी नाहीत. सातिवलीच्या गाळ्यांत प्रेस मशीन असतात आणि त्यांना जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधीच भूक लागते. त्यामुळे माझा डावा हात पाहिला की लोक विचारतात, "कुठल्या गाळ्यात, पास्कलमामा?" मी सांगतो, चिंबोरीनं नेली, म्हणजे खेकड्यानं. मग लोक पोट धरून हसतात. पाचूबंदरच्या कोळ्याची दोन बोटं चिंबोरीनं न्यावी, म्हणजे फौजदाराच्या घरात भुरटा चोर जेवून जावा तसं झालं.

हसा. पण चिंबोरी केवढी होती ते ऐकून हसा.

माझा मुलगा केल्विन मालवाहू जहाजावर असतो. वर्षातले नऊ महिने तो आम्हाला फोनमधूनच दिसतो. त्याची बायको प्रिसिला अर्नाळ्याची, कोळ्याचीच पोर. कोविडचं सगळं निवळलं तेव्हा तिला एका बेटावर अकरा महिन्यांचं काम लागलं. विषुववृत्ताच्याही खाली, नारळ आणि वाळू, दुसरं काही नाही. तिथं हॉटेल उभं राहत होतं आणि साठ कामगारांचं जेवण रांधायला बाई हवी होती. बेटाचं नाव मी लिहीत नाही. हॉटेल आता सुरू झालंय, उगाच पाहुणे पळायचे.

मुलं लहान. रायन दहा वर्षांचा, अमिषा सात. हातात डाव घेऊन मुलं कशी सांभाळणार, म्हणून कंपनीच्या कागदावर मुलांना सांभाळणारी बाई लिहायच्या जागी माझं नाव लागलं. वयाच्या सत्तराव्या वर्षी मला आयुष्यातली पहिली नोकरी मिळाली, ती आयाची.

बेटाच्या धक्क्यावर पाय ठेवल्या ठेवल्या प्रिसिलानं मला बाजूला घेतलं.

"पपा, एक गोष्ट सांगते. तुमच्या गोष्टी, तुमच्या थापा, सगळं चालेल. पन मुलांना काय झालं, तर पुढच्या बोटीनं तुम्ही परत. नि वसईलापन मग मुलं तुमच्यावर टाकून मी कुठे जानार नाही."

बोट तीन आठवड्यांनी एकदा यायची. मी म्हटलं, "केसाला धक्का लागायचा नाही."

सालोमी, माझी बायको, गेल्यापासून ह्या दोन पोरांशिवाय माझ्या थापा ऐकायला घरात कोणी उरलं नव्हतं. तेव्हा मी हे अगदी मनापासून बोललो होतो.

आता चिंबोऱ्या. ह्या पाण्यातल्या नव्हेत, झाडावरच्या. निळ्या-काळ्या रंगाच्या, धान्य मोजायच्या पायलीएवढ्या, आणि ह्या झाल्या बालवाडीतल्या. मोठ्या नारळावर चढत, नारळ तोडत, खाली टाकत आणि खाली उतरून फोडत. मी तर एकीला नारळ कानाशी हलवून पाणी किती आहे ते बघताना पाहिलंय. म्हणून झाडांना पत्र्याचे पट्टे ठोकलेले आणि मॅनेजर रॉबर्टसाहेबाचा एकच कायदा होता: मासळी धक्क्यावर साफ करायची, घाण समुद्रात, वास घेऊन कोणी खोलीकडे यायचं नाही.

कायदा मुलांना कळावा म्हणून पहिल्या रविवारी साहेबानं आम्हाला आपला खुराडा दाखवला. चिंबोरीनं जाळीच्या भोकातून कोंबडी बाहेर ओढली होती. कोंबडी भोकापेक्षा मोठी होती, तर मग तुकडे करून ओढली होती. जाळीत फक्त एक पाय अडकलेला आणि रक्तात चिकटलेली पिसं. रायन ओकला. अमिषानं विचारलं, "आजा, बाकीची कोंबडी कुठंय?" मी म्हटलं, "चर्चला, मिसाला गेली."

त्या बेटावर आमच्याखेरीज वसईचा आणखी एकच माणूस होता. गासचा युजीन. तो माळी. खोल्यांच्या मागे त्यानं केळीची बाग लावली होती. रोज संध्याकाळी मेसच्या दाराशी येऊन रडायचा, "प्रिसिलाताय, केळ वाढत नाय. गासला आम्ही बुंध्याशी मासळी पुरतो, हितं साहेब पुरू देत नाय."

"मग स्वतःला पुरून घे," प्रिसिला म्हणायची, "तुझापन वास काय कमी नाय."

सहा महिने झाले. मग एके दिवशी वारा फिरला. कोरडा, खारा, आमच्या बंदरावर बोंबील सुकवायच्या दिवसांत सुटतो तस्सा. तो वारा लागला की पाचूबंदरच्या माणसाचे हात त्याच्या ताब्यात राहत नाहीत. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, वलांडी म्हणजे दोन बाजूंना बांबू रोवायचे, मध्ये दोऱ्या ताणायच्या आणि त्यांवर मासळी अडकवून उन्हा-वाऱ्यात सुकवायची. मला काही विचार करावा लागला नाही. खोलीच्या मागे, बागेला लागून, केळींच्या आड मी वलांडी बांधली. बोंबील नव्हते, पण धक्क्यावर लांबट चंदेरी मासे मिळायचे. ते चिरून, मीठ लावून टांगले. एकेक मासा अमिषा माझ्या हातात देत होती.

"मम्मीला सांगायचं?"

"नाय. सुकले की एकदम पानात वाढू. खुश होईल."

"नक्की?"

"क्रूस कर."

तिनं खारट बोटांनी कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रूस केला. माझ्या डोक्यात मात्र चाललं होतं की दिवसा चिंबोऱ्या बिळात असतात, रात्री मासे मी आत घेईन. हिशोब चोख होता. फक्त आभाळ विचारात घ्यायचं राहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारला आभाळ काळं झालं. चिंबोरीला घड्याळ कळत नाही, तिला अंधार झाला म्हणजे रात्र झाली. मी खोलीत रायनला अर्नाळ्याच्या एका देवमाशाची गोष्ट सांगत होतो. बाहेर बांबू मोडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ अमिषा ओरडली.

मी बाहेर आलो. वलांडी आडवी झाली होती. माशांवर पंधरा-वीस चिंबोऱ्या तुटून पडलेल्या, एकमेकींच्या नांग्या मोडत होत्या. एकीनं दुसरीचा पाय तोडून, माशाबरोबर तोही खायला घेतला होता. आणि त्यांच्या मधोमध ती. खोटं नाही सांगत, आमच्या मासळीच्या टेम्पोच्या चाकाचं टोपण असतं ना, तेवढी पाठ. तिच्या नांगीत अमिषाचा घोटा. पोर मासे वाचवायला गेली होती. माझे मासे.

"रायन, आईला बोलाव," मी म्हटलं आणि दगड उचलला.

इथंच माझं चुकलं. साठ वर्षं चिंबोऱ्या पकडलेला मी, मला ठाऊक हवं होतं की मार बसला की ती नांगी जास्तच आवळते. मी दगड घातला. पाठीवर तडा गेला, निळसर रस उडाला, आणि नांगी आवळली. अमिषाचा आवाजच बंद झाला. हाडाचा आवाज आला. ओली फांदी पिळल्यासारखा.

दुसरा दगड मी टाकून दिला. नांगीच्या दोन पात्यांमध्ये, घोट्याच्या बाजूला, एक फट होती. मी डावा हात आत घातला. मुठीएवढी फट नव्हती, दोन बोटांएवढी होती, म्हणून दोन बोटं. घोट्याच्या आधी काहीतरी दुसरं मोडायला मिळालं तर पोरीचं हाड जोडण्यापुरतं राहील, एवढाच विचार. चिंबोरीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या दोन डोळ्यांत मला माझी दोन तोंडं दिसली, दोन्ही घाबरलेली. करंगळी आधी गेली. तिच्या शेजारचं बोट जरा टिकलं, त्यात साखरपुड्याची अंगठी होती.

तेवढ्यात प्रिसिला आली. हातात कोयता, अंगावर पीठ. पहिला घाव नांगीच्या सांध्यावर, दुसरा तिथंच, तिसऱ्याला नांगी तुटून अमिषाच्या पायालाच लटकत राहिली. मग ती चिंबोरीकडे वळली. मी पुष्कळ मासळी कापलेली पाहिलीय, पण कापणारीचे दात दिसताना पाहिले नव्हते. पाठीचं टोपण फुटलं, आतलं पिवळं तिच्या तोंडावर उडालं, पाय तुटून वाळूत वळवळत राहिले, तरी ती थांबेना. बाकीच्या चिंबोऱ्या पळाल्या. एक-दोन आपल्याच मेलेल्या बहिणींचे तुकडे घेऊन पळाल्या.

साहेबाच्या कंपाउंडरनं अमिषाचा पाय दोन फळ्यांत बांधला आणि माझा हात शिवला. तोवर खोलीमागे मासे उरले नव्हते. काटेसुद्धा खाल्ले होते. राहिला होता बांबूचा एक खुंट, युजीन केळीला टेकू लावायचा तसाच.

"हितं मासळी कोनी आनली?" प्रिसिलानं विचारलं.

पुढची बोट सहा दिवसांवर होती. माझ्या तोंडाला चाळीस वर्षांची सवय. मी काही ठरवायच्या आत ते म्हणालं, "युजीन केळीला मासळी पुरायचं म्हनत होता ना?"

ती उठली. मेसमधला डाव तिनं घेतला, तो साठ माणसांच्या आमटीचा, हातभर दांड्याचा. युजीन बागेत वाकला होता. पहिला तडाखा पाठीत, तो वळला तसा दुसरा नाकावर. नाक एका बाजूला गेलं. तो केळीच्या खोडावर पडला, खोड मोडलं, ती त्याच्या छातीवर बसली आणि डाव उलटा धरून मारू लागली. तिला काढायला चार सुतार लागले, त्यातल्या एकाचा दातही गेला. रॉबर्टसाहेब आला, रक्त पाहिलं, फुटका बांबू पाहिला, आणि म्हणाला, माळी पुढच्या बोटीनं जाईल.

मी सुटलो होतो. दोन बोटं गेली होती, पण पोरं माझ्याजवळ होती. आणि खरं सांगायचं तर त्या रात्री मी झोपलोही.

दुसऱ्या दिवशी युजीन अमिषाला बघायला आला. तोंड भोपळ्याएवढं सुजलेलं. खाटेशी गुडघ्यावर बसला आणि मला म्हणाला, "मामा, ताय बरोबर बोलली. गेल्या महिन्यात मी एक टोपली पुरली होती. चोरून. मला वाटलं पावसात कुजून गेली. माझ्यामुळं पोरीचा पाय गेला असता."

आणि रडायला लागला. फुटक्या नाकानं रडणं फार वाईट दिसतं.

अमिषा माझ्याकडे बघत होती. एक शब्द बोलली नाही. तिनं क्रूस केला होता.

युजीन नाकारेल, प्रिसिलाशी भांडेल, त्या भांडणात मी गोष्ट रचत राहीन, असं मी धरून चाललो होतो. त्यानं माझी थाप माझ्या हातातून घेतली आणि खरी मानून स्वतःच्या डोक्यावर ठेवली. अशा माणसापुढे काय करायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं. दोन दिवस मी जेवलो नाही. मग मेसमध्ये गेलो.

"प्रिसिला, मासे मी टांगले."

ती भात उपसत होती. "पपा, जा. बसा."

"खरंच मी."

"ती चिंबोरी परवा पाटाएवढी होती, काल टेम्पोएवढी झाली. आज मासेपन तुमचे झाले. युजीनची दया आली ना? मलापन आली. पन पोरीचा पाय मी इसरनार नाय."

मी क्रूसावर हात ठेवून सांगितलं. ती म्हणाली, देवमाशाच्या वेळीपन ठेवला होता. आयुष्यात एकदा पदरमोड करून खरं बोललो, तर गिऱ्हाईक नाही.

मग मी तिचा हात धरला आणि खोलीमागे नेलं. खुंटाला अजून दोरीचा तुकडा होता. मी म्हटलं, "गाठ बघ."

वलांडीची गाठ घराघराची वेगळी असते. आमच्या घरची उलटी. माझा बाप डावखुरा, त्यानं डाव्या हातानं घातली, मी तशीच शिकलो, केल्विन माझ्याकडून शिकला. लग्नाच्या साली प्रिसिलानं ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हणाली होती, हे घरच उलट्या खोपडीचं आहे. गासच्या माळ्याला केळीचा घड बांधता येतो, ही गाठ सात जन्मांत येणार नाही.

ती खाली बसली. गाठीवरून बोट फिरवलं. मग उठून खोलीत गेली, कोयता घेतला, आणि माझ्या पत्र्याच्या ट्रंकेवर असा घातला की पातं झाकणातून आरपार आतल्या कपड्यांत गेलं.

"गुरवारची बोट," ती म्हणाली.

धक्क्यापर्यंत माझी ट्रंक युजीननं उचलली. नाकावर पट्टी, नोकरी शाबूत. "मामा," तो म्हणाला, "एवढ्या थापा पचवल्यात, नि एका खऱ्यावर अडकलात." मग मी बोटीत चढताना त्यानं मला मिठी मारली, आणि फासळ्या मोडतील इतकी जोरात मारली. तो हिशोब मी मान्य केला. झाकणाच्या भोकातून आत पाणी गेलं आणि वसईपर्यंत माझे सगळे सदरे खारे झाले.

पाच महिन्यांनी तीही पोरांना घेऊन परत आली. शेजारचंच घर, मध्ये एक कुंपण. पोरं माझ्याकडे यायची, पण ती सोबत असेल तेव्हाच. बाजारात निघाली की दोघांना घेऊन निघायची. अमिषा अजून जरा पाय ओढून चालते. रोज सकाळी ती पावलं कुंपणाच्या पलीकडून यायची आणि पलीकडेच राहायची.

गेल्या हिवाळ्यात तो वारा पुन्हा सुटला. बंदरावर सगळ्यांच्या वलांड्या उभ्या राहिल्या. मी माझी घरापुढच्या वाळूत बांधायला घेतली. ती गाठ डाव्या हाताची, करंगळी आणि शेजारचं बोट ह्यांत पीळ धरायचा असतो. मी आवळली, सुटली. दातांत धरून आवळली. दोरीवर बोंबील लावले, आणि अख्खी ओळ वाळूत. शेजारच्या रांगेतला एक म्हणाला, "मामा, सातिवलीला मशीनवर बांधून घ्या."

पाय ओढल्याचा आवाज आला. अमिषा. कुंपणाच्या अलीकडे. तिनं आपली दोन बोटं माझ्या हाताच्या रिकाम्या जागेला लावली आणि पीळ धरला.

"असा?"

"उलटा. आपली उलटी असते."

तिनं उलटा केला. मी आवळली. बसली.

वर पाहिलं तर दारात प्रिसिला. हातात मासळी कापायचा तोच कोयता, पातं ट्रंकेवर आपटून एका जागी खरवडलेलं. किती वेळ उभी होती कोण जाणे. अमिषानं हात मागे घेतला नाही. मी वाट बघत होतो की आता हाक येईल.

"पपा," प्रिसिला म्हणाली, "मी पापडीच्या बाजारात जाऊन येते. संध्याकाळ होईल. दोघं हितंच राहतील."

मी मान हलवली. पुढची दोरी हातात घेतली.

ती पायरी उतरली, परत फिरली आणि कोयता माझ्यापुढे वाळूत रोवला.

"राहू दे जवळ," म्हणाली. "चिंबोऱ्या आल्या तर."