छागलीतला एक घोट

मित्रांनो, मी एक जुनी छागल आहे, आणि पुढचे काही सांगण्याआधी एक गैरसमज दूर करते. मी गळत नाही. माझ्या अंगातून पाणी थोडे थोडे पाझरते, वाऱ्यावर उडून जाते आणि जाता जाता आतल्या पाण्याची उष्णता बरोबर घेऊन जाते. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेही नसेल, म्हणून सांगते. छागल म्हणजे जाड कापडाची, पाणी भरून न्यायची पिशवी. वर पत्र्याचे तोंड, त्याला बूच, ते हरवू नये म्हणून बारीक साखळी आणि टांगायला दोरी. माझा सारा संसार एवढाच. वायर नाही, बटण नाही, बिघडायला काही नाही.

माझा जन्म ताडपत्र्या शिवण्याच्या कारखान्यात झाला. तिथे एक तरुण बाई मशीनवर बसायची. तिची शिवण इतकी पक्की असे की बरोबरीच्या बायका तिला चिडवायच्या, "अगं, हे उसवायला उद्या कुऱ्हाड लागेल!" तिचा नवरा ट्रक चालवायचा. एका उन्हाळ्यात तो फुटलेल्या ओठांनी घरी आला आणि म्हणाला, "कॅनमधलं पाणी इतकं तापतं, की नुसती चहाची पत्ती टाकायची बाकी." दुसऱ्या दिवशी तिने कारखान्यातला जाड कापडाचा उरलेला तुकडा मागून घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत मला शिवले. दुहेरी शिवण घातली, कोपरे गोल केले. मग मला रात्रभर बादलीत बुडवून ठेवले. कोरड्या छागलीत पाणी ओतले तर ते सरळ खाली येते. धागे भिजून फुगले, एकमेकांना चिकटले, की मगच मी कामाची होते.

ट्रकवाल्याने मला इंजिनाच्या पुढे, नाकावर टांगले. मित्रांनो, ती जागा मी कधीही विसरणार नाही. समोर मोकळा रस्ता, तोंडावर वारा, आणि मागे त्याचे बेसूर गाणे. ऊन जितके कडक आणि वारा जितका जोराचा, तितके माझ्या पोटातले पाणी गार. दुपारी तो गाडी सावलीत लावायचा, बूच काढायचा आणि डोळे मिटून प्यायचा. मग बाकीचे ड्रायव्हर गोळा व्हायचे. "एक घोट दे ना राव," म्हणायचे. हा देताना अशी छाती फुगवायचा की जणू विहीर यानेच खणली आहे.

घरी आल्यावर तो बायकोला सांगायचा, "अगं, काय पाणी होतं ते! दात वाजतात दात!"

"बाता मारू नका," ती म्हणायची. "म्हणे भर उन्हात दात वाजतात."

तिचा विश्वास बसत नव्हता यात तिची चूक नाही. तिने मला शिवले होते, पण माझे गार पाणी तिने कधी चाखलेच नव्हते. तो तिच्यासाठी तळाशी एक घोट राखून ठेवायचा. पण माल उतरवायला रांगेत उभे राहावे लागे, वारा थांबे, आणि घरी पोहोचेपर्यंत तो घोट कोमट होई. ती चव घेऊन हसायची. तो हिरमुसला होऊन म्हणायचा, "एकदा माझ्याबरोबर चल. रस्त्यावरच पी." ती म्हणायची, "येईन की. एवढा कामाचा जोर ओसरू दे." मग मुलगी झाली, मुलीची शाळा आली, शाळेच्या परीक्षा आल्या. जायचे नेहमी पुढच्या खेपेला ठरायचे.

पुढे ट्रकच्या केबिनमध्ये पाणी गार ठेवणारे भांडे आले. पुढे ट्रकही गेला. मला दाराआडच्या खिळ्यावर जागा मिळाली. शेजारी एक मोडकी छत्री आणि तार तुटलेली बॅडमिंटनची रॅकेट. बोलायला दोघीही बऱ्या, पण वारा कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नव्हते. मी कोरडी पडले, कडक झाले. एका हिवाळ्यात ट्रकवाले आजोबा गेले. त्यानंतर कधी कधी आजी दाराआड यायच्या, माझी दोरी हातात धरून उभ्या राहायच्या आणि निघून जायच्या. मला त्या हाताची फार ओढ लागायची. आणि खरे सांगते, त्याहून जास्त ओढ त्या बेसूर गाण्याची लागायची.

या उन्हाळ्यात त्यांची मुलगी म्हणाली, "आई, तूही चल आमच्याबरोबर अम्युझमेंट पार्कला. तिथे मोठमोठे पाळणे आहेत, घसरगुंड्या आहेत, शेजारच्या मैदानात तंबू ठोकून राहायचं. पोरीने हट्टच धरलाय."

पोरगी म्हणजे आजींची नात. एका जागी बसणे तिला माहीत नाही, म्हणून घरात सगळे तिला चुळबुळ म्हणतात.

आजी म्हणाल्या, "येते. पण छागल घेणार."

मित्रांनो, माझे धागे न धागे शहारले! आजींनी मला आदल्या संध्याकाळी बादलीत बुडवले. सकाळी मी पुन्हा मऊ, टपोरी झाले होते. आजींनी मला काठोकाठ भरले आणि जावयांच्या हातात दिले. "गाडीच्या पुढे टांगा हं. एकदा पिऊन बघायचंय मला, आमचे हे म्हणायचे तसं असतं का ते."

जावई म्हणजे भला माणूस. फ्रिज दुरुस्त करण्याचा त्यांचा व्यवसाय. उन्हाशी सामना करण्याची त्यांची तयारी तर विचारू नका. बर्फाचा पेटारा, बॅटरीवरचे पंखे, सगळ्यांना टोप्या, मानेवर टाकायला ओले रुमाल. पण त्यांनी मला हातात घेतले, बोटांना ओल लागली, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आयुष्यभर त्यांनी एकच गोष्ट केली होती. गळती दिसली की बंद करायची आणि गारवा कोंडून ठेवायचा. आजी तोवर गाडीत बसल्या होत्या. जावयांनी मला जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले, वरून चिकटपट्टी मारली आणि सामानात नीट ठेवले. अगदी मायेने ठेवले. मी आत गुदमरत होते आणि बाहेर आजी नातीला सांगत होत्या, "बघ, आता पुढे वारा लागत असेल तिला."

तिथे पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. तंबू ठोकला, पण आत पाऊल ठेवण्याची सोय नव्हती, इतका तो तापला होता. घसरगुंडीची कड हाताला चटका देत होती. पाळण्यांपुढच्या रांगेत माणसे वर्तमानपत्राने वारा घेत होती. चुळबुळसुद्धा झाडाखाली गुपचूप बसली, यावरून काय ते समजा. येताना वाटेत सगळ्यांनी पेटारा इतक्यांदा उघडला होता की बर्फाचे पाणी झाले होते.

जावयांनी सामानातून मला काढले, प्लॅस्टिक सोडले आणि पेला भरून अदबीने आजींपुढे धरला. "घ्या आई. तुमचं पाणी."

आजींनी पेला दोन्ही हातांनी घेतला. एक घोट घेतला आणि थांबल्या. पाणी कोमट होते, कोंदट होते, त्याला कापडाचा वास येत होता.

"असंच असतं का हे?" मुलीने विचारले.

"असू दे," आजी म्हणाल्या. "मी म्हणायचेच ना, बाता मारतात म्हणून." त्या हसल्या, पण ते हसू काही ओठांच्या पुढे गेले नाही. उरलेले पाणी त्यांनी झाडाच्या मुळाशी ओतून टाकले.

मित्रांनो, माणसांना ऐकू जाईल असा आवाज मला असता, तर मी ओरडले असते. माझी फजिती झाली त्याचे मला काही वाटले नाही. पण एक खरा माणूस माझ्यामुळे खोटा ठरला होता, आणि स्वतःची बाजू मांडायला तो आता येणार नव्हता.

तेवढ्यात चुळबुळ ते प्लॅस्टिक डोक्यावर घेऊन आली. "बाबा, छागलीला रेनकोट कशाला घातला होता?"

आजींनी मान वर केली. "कसला रेनकोट?"

"अहो आई, गळत होती ना ती," जावई म्हणाले. "मी पॅक केली, म्हणजे गारवा आत राहील."

"म्हणजे पुढे टांगलीच नव्हती?"

"नाही. का?"

"तिला वारा लागतो, जावईबापू! पाझरलेलं पाणी वाऱ्याने उडालं, की मगच आतलं गार होतं. आमचे हे सांगायचे मला."

जावयांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! फ्रिजमध्ये दुसरं काय असतं? तिथे गॅस उडतो, इथे पाणी. अख्खं आयुष्य हेच करतोय मी, आणि इथे प्लॅस्टिक गुंडाळून बसलो!" ते स्वतःवरच इतके हसले की शेजारच्या तंबूतली माणसे डोकावू लागली. आजींच्या डोळ्यांत मात्र वेगळेच काही होते. "भरा तिला पुन्हा," त्या म्हणाल्या.

मला भरले, फांदीला टांगले. पण त्या मैदानात पान हलत नव्हते. जावयांनी पंखा लावला, त्याची बॅटरी दमली. मुलगी टोपीने वारा घालून घालून थकली. माझ्या अंगावर ओल तशीच बसून राहिली. आजी माझ्याकडे पाहत होत्या आणि मी आजींकडे. दोघींनाही हवा होता तो वाराच कुठे नव्हता.

"आजी," चुळबुळ एकदम म्हणाली, "ती आगगाडी!"

पाळण्यांच्या बाहेरून एक छोटी, उघड्या डब्यांची आगगाडी गोल गोल फिरत होती. सगळी गर्दी पाण्याच्या खेळांकडे पळालेली, त्यामुळे गाडी जवळजवळ रिकामी. ती चालवणारी बाई टोपीखाली ओला रुमाल घेऊन बसली होती.

"पिशवी मांडीवर घ्या, आजी," ती म्हणाली.

"हिची जागा मांडीवर नाही गं. ही पुढे असते. इंजिनाच्या नाकावर."

"आमच्या साहेबांनी बघितलं ना, तर उद्या मला पाळणे पुसायला लावतील."

"आमच्या ह्यांच्या ट्रकला अशीच असायची," आजी म्हणाल्या. एवढेच म्हणाल्या.

गाडीवालीने आजींकडे पाहिले, मग माझ्याकडे. "पाणी सांडेल का हिचं?"

"सांडत नाही. नुसता घाम येतो तिला."

बाई हसली, खाली उतरली आणि तिने मला पुढच्या दिव्याच्या आकड्याला अडकवले. आजी तिच्या मागच्याच बाकावर बसल्या. शिट्टी वाजली.

मित्रांनो, कसे सांगू? ट्रकचा वेग त्या गाडीला नव्हता. रस्ताही नव्हता, नुसते गोल वळण होते. पण वारा होता! तापलेला, कोरडा, हवा तसा वारा. तो माझ्या अंगावर आला आणि इतक्या वर्षांनी माझी ओल उडू लागली. फेरीमागून फेरी झाली. चुळबुळ प्रत्येक वळणावर ओरडत होती. आणि आजी काहीतरी गुणगुणत होत्या. नीट ऐकले तेव्हा कळले, ते ट्रकमधले गाणे होते. आजी मात्र ते सुरात म्हणत होत्या, म्हणून मला चटकन ओळखू आले नाही. त्या क्षणी मला आजोबांची इतकी आठवण आली की काय सांगू. ज्या सहलीला ते आजींना नेणार होते, ती अशी चालली होती, आणि गाडी चालवायला ते नव्हते.

ऊन कलले तेव्हा गाडीवालीने गाडी थांबवली आणि मला काढून आजींच्या हातात दिले. "अगं बाई, केवढी गार झालीये!" ती म्हणाली.

आजींनी बूच काढले. पेला घेतला नाही. आजोबा प्यायचे तशाच, डोळे मिटून प्यायल्या. एक घोट घेतला आणि थांबल्या. त्यांचा तळवा माझ्या ओल्या अंगावर दाबला गेला.

"खरं बोलत होते गं," त्या म्हणाल्या.

"कोण, आई?" मुलीने विचारले.

"तुझे बाबा. मी जन्मभर त्यांना म्हणत आले, बाता मारू नका. आता सांगू कुणाला, की खरं होतं म्हणून?"

जावयांनी टोपी काढून हातात घेतली. मग आजींनीच मला पुढे केले. मुलगी प्यायली, जावई प्यायले, गाडीवाली प्यायली. शेवटी चुळबुळ प्यायली आणि दोन्ही गाल धरून ओरडली, "आजी! दात वाजतायत माझे!"

"बाता मारू नकोस," आजी म्हणाल्या.

सवयीने तोंडातून निघून गेले ते. ऐकले आणि त्या स्वतःच दचकल्या. मग हसू लागल्या, आणि हसता हसता त्यांनी नातीला जवळ ओढून तिच्या टोपीत तोंड लपवले.

आता मी पुन्हा दाराआड आहे, पण कोरडी नाही. जावई दर रविवारी मला भिजवतात आणि गच्चीवर वाऱ्यात टांगतात. मित्रांनो, माझे मागणे फार नाही. तुमच्या घरात माझ्यासारखे कुणी खिळ्यावर असेल तर त्याला एकदा उतरवा, धुवा, कामाला लावा. त्याच्यावर काही गुंडाळण्याआधी ते कसे चालते ते कुणाला तरी विचारा. आणि कुणी तुम्हाला म्हणाले, "एकदा चल, चाखून बघ," तर परीक्षा आणि कामाचा जोर थोडा बाजूला ठेवा आणि त्याच खेपेला जा.

त्या दिवशी परत येताना मी जावयांच्या गाडीच्या पुढे होते. निघण्याआधी मुलीने मला हलवून पाहिले होते. "आई, तळाशी थोडंसं राहिलंय. ओतून टाकू?"

"नको," आजी म्हणाल्या. "तेवढं असू दे. त्यांचं आहे ते."