सुनीतीची जास्तीची पेशी

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर दोन माणसं, तीन पिशव्या, एक थर्मास आणि मंगला गौरीच्या अंगाऱ्याच्या दोन पुड्या होत्या. दुसरी पुडी, पहिली हरवलीच तर. माणसं म्हणजे नरहर आणि त्याची मुलगी तेजश्री. आत त्याच्या बायकोचा, सुनीतीचा, डावा स्तन काढत होते. कॅन्सर सगळा निघेल ना, एवढी एकच गोष्ट नरहरला सकाळपासून पोखरत होती.

तेजश्री औषधं आणायला खाली गेली आणि नेमके तेव्हाच डॉक्टर त्रिपाठी बाहेर आले. चेहरा एकदम खुशीत.

"ऑपरेशन अच्छा हुआ. और एक मज़ेदार चीज़ मिली. सीने पर एक फालतू पेशी!"

नरहर सांगलीच्या मराठी शाळेत शिकलेला. बँकेच्या नोकरीने काशीत आला तरी पेशी म्हणजे काय, हे त्याला नववीपासून पक्कं ठाऊक होतं. कॅन्सर पेशींतच होतो, हेही.

"एकच?"

"एक ही."

"निकाल दी ना?"

"क्यों निकालें? अच्छी-भली है. छोड़ दी."

"अहो डॉक्टरसाब, एकाच्या दोन होतात! दो की चार!"

"अरे नहीं. बहुत हुआ तो दोनों तरफ एक-एक होती है."

नरहरने थर्मास छातीशी धरला. "आपको दिखी कैसे? सूक्ष्मदर्शी से?"

"आँख से. नौ सेंटीमीटर की है."

नऊ सेंटीमीटरची पेशी! नरहर मटकन बाकावर बसला. डॉक्टर घाईघाईने त्याची नाडी बघू लागले.

तेवढ्यात तेजश्री आली. तिने दोघांचंही ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "बाबा, तुमची पेशी म्हणजे यांची कोशिका. यांची पेशी म्हणजे स्नायू! आईच्या छातीवर एक उभा स्नायू जास्त आहे. असतो काहींना, त्रास नसतो त्याचा."

"मग सरळ स्नायू म्हणावं ना!"

"हिंदीत स्नायू म्हणजे नस, बाबा."

संध्याकाळी सुनीतीला हे कळलं तेव्हा टाके सांभाळत ती म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं भरलेला सिलिंडर मी एकटी सरकवते, ते याच्या जोरावर होय! अहो, तुम्हाला एखादा कमी आहे का, ते बघून घ्या."

नरहर हसला. मग तिला तपासायला आलेल्या डॉक्टरांना हळूच म्हणाला, "और कैंसर?"

"रिपोर्ट आने दीजिए."

रिपोर्ट नवव्या दिवशी आला. काखेतल्या सतरा ग्रंथी तपासल्या. कॅन्सर असलेल्या शून्य. गाठीपासून कापलेल्या कडेपर्यंत सर्वांत कमी अंतर बारा मिलिमीटर, म्हणजे कॅन्सर सगळा निघाला होता.