पेशकारांची जनानी सायकल

रेणुकादास लातूरच्या तहसील कचेरीत साहेबांपुढं कागद मांडणारे पेशकार होते. बसून बसून त्यांचं पोट शेरवानीच्या गुंड्यांना जुमानेनासं झालं होतं. त्याचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं. पण मागच्या नवरात्रात माहूरच्या गडावर अर्ध्या पायऱ्यांतच त्यांना दम लागला, आणि यांना एकटं कसं टाकू म्हणून त्यांची बायको सौदामिनीही तिथूनच परतली. हातातली ओटी तिनं वर जाणाऱ्या एका बाईजवळ दिली. तक्रारीचा शब्द काढला नाही, आणि तेच पेशकारांना लागून राहिलं. यंदा हिला देवीपुढं उभी करायचीच, असं त्यांनी ठरवलं. हकीमसाहेबांनी नाडी पाहिली आणि सायकल चालवा म्हणून सांगितलं.

बसलिंगप्पाच्या दुकानात दोन सायकली होत्या. एक उंच, मधे आडवा दांडा, अंमलदाराला शोभेल अशी. दांड्यावरून पाय टाकताना पेशकारांचं धोतर अडकलं आणि ते सायकलीसकट बसलिंगप्पाच्या अंगावर गेले. दुसरी बुटकी, बिनदांड्याची. तिच्यावर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

“ही जनानी हाय, साहेब,” बसलिंगप्पा म्हणाला. “मडमा बसतात असल्या सायकलीवर. तुमाला कशाला?”

दुकानात चार माणसं बसलेली. त्यांच्यासमोर पेशकारांची जीभ चाचरली.

“घरच्यांसाठी बघायलोय,” ते बोलून गेले, आणि सायकल घेऊन घरी आले.

झालं! लातुरात बातमीला पाय फुटायला कितीसा वेळ? दुसऱ्या दिवशी सकाळीच गल्लीतल्या बाया दाराशी जमल्या. शेजारच्या कावेरीबाई सगळ्यांच्या पुढं.

“सौदामिनी, सायकलवर बसणार म्हणं तू? लाज सोडलीस का गं?”

सौदामिनीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं नुसतं नवऱ्याकडं पाहिलं. पेशकारांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसून कचेरीला निघून जाता आलं असतं. बोल तिला लागले असते, आणि तिनं तेही मुकाट सोसले असते. ते त्यांना सहन होईना. त्यांनी सायकल ओढून गल्लीत आणली.

“माझी हाय ती,” ते मोठ्यानं म्हणाले. “दांड्याची मला झेपत न्हाई. काल मी खोटं बोललो.”

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. पेशकार तसेच सायकलवर बसले आणि बदकासारखे पाय टेकत टेकत मारुतीच्या पारापर्यंत जाऊन आले. घामाघूम झाले, पण पडले नाहीत.

सौदामिनी उंबरा ओलांडून खाली आली. तिनं पदर खोचला.

“उतरा आता.”

“का गं?”

“मला बसू द्या. गावभर नाव झालंच हाय माझं, तर बसून तरी बघते.”

कावेरीबाईंचं हसू जागच्या जागी थांबलं. लग्न झाल्यापासून तिनं स्वतःसाठी काही मागितल्याचं पेशकारांना आठवेना. ते उतरले आणि मागून दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली.

“सोडू नका हं!”

“न्हाई सोडत.”

तिनं पायडल दाबलं. गल्लीतल्या सगळ्यांच्या देखत पेशकार तिच्या मागं धावू लागले. दम लागला होता, पण थांबावंसं वाटत नव्हतं.