पन्नास मिनिटांचं अंतर

रस्त्याने मावशीच्या शहराला जायचं तर डोंगराला वळसे घालत अख्खा दिवस मोडतो. विमानाने पन्नास मिनिटं. म्हणूनच या छोट्या विमानतळावर सामान चढवणाऱ्या भावाने नवऱ्याच्या माराला कंटाळलेल्या ताईला सकाळच्या विमानात बसवून दिलं. तिकडे मावशी गाडी घेऊन दारात उभी राहणार होती. अडचण एकच होती. भाऊजींचा थोरला भाऊ तिकडच्या विमानतळासमोरच राहायचा, आणि बायकांवर हात उचलण्यात तो भाऊजींचाही गुरू. भाऊजींनी त्याला एक फोन केला, की ताई विमानातून उतरून थेट त्याच्या तावडीत.

विमान उडालं आणि भाऊजी सामानाच्या शेडमध्ये हजर झाले.

"कुठंय ती?"

"मला काय विचारता? बायको तुमची."

भाऊजींनी वर आभाळाकडे पाहिलं, काय समजायचं ते समजले आणि खिशातून फोन काढला. भावाने तो हिसकावून भिंतीवर आपटला. मग जी जुंपली ती जुंपलीच. भाऊजी अंगाने त्याच्या दुप्पट. त्यांनी त्याचं डोकं ट्रॉलीच्या दांड्यावर हाणलं, बरगड्यांत, कानशिलात, सापडेल तिथे बुकललं. एक दात तुटून जिभेवर आला. पण तो गोचिडासारखा त्यांच्या पायाला चिकटून राहिला; दुसऱ्या फोनपर्यंत त्यांना पोचू द्यायचं नव्हतं. मार खायची त्याला हौस नव्हती. ताईने सात वर्षं खाल्ला, आपण पन्नास मिनिटं खाऊ, एवढाच त्याचा हिशेब.

निम्मा वेळ गेला असेल नसेल, तोच ओळखीची घरघर ऐकू आली. तिकडे ढग खाली उतरले, म्हणून विमान माघारी आलं होतं. भावाने पायाची मिठी आणखी आवळली. भाऊजी हसले, त्याला लाथेने झटकलं आणि विमानाकडे धावत सुटले.

आत घाबरलेल्या प्रवाशांनी गलका केला होता, त्यामुळे इंजिनांचे पंखे थांबायच्या आधीच मागचं दार उघडलं गेलं. ताई शिडीवर आली. तिच्यावर डोळे रोखून भाऊजी सरळ पंख्याच्या दिशेने निघाले. जोरात फिरणारा पंखा दिसत नाही. इथे नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच सांगतात. रोज दहादा "मागून या" म्हणून ओरडणारा भाऊ आज तोंड उघडून उभा राहिला आणि गप्प राहिला. जाऊ दे मेल्याला, सुटेल बिचारी एकदाची, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

"अहो, पंखा!" ताई किंचाळली.

भाऊजी हातभर अंतरावर थबकले. वळसा घालून आले, शिडी चढले आणि जिने जीव वाचवला तिच्याच थोबाडीत त्यांनी ठेवून दिली. दुसरी द्यायला वेणी धरली, तेव्हा मागून आलेल्या भावाने चाकाखाली घालायचा लाकडी ठोकळा त्यांच्या गुडघ्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. भाऊजी गडगडत खाली आले ते बेशुद्धच.

"ढग हटले की विमान परत निघेल," भाऊ धापा टाकत म्हणाला. "तू आत बस."

"बसते." ताईचा ओठ फाटला होता. "तू गप्प उभा होतास. मी बघितलं."

"तुझ्यासाठीच ना ताई."

"माझ्या डोळ्यांसमोर माणूस कापला जाऊ देणार होतास, आणि म्हणे माझ्यासाठी. तेही मारताना हेच म्हणतात."

ती आत गेली आणि तिने मागे वळून पाहिलं नाही.

दुपारी तो पोलीस चौकीत बाकावर बसला होता, तेव्हा मावशीचा फोन आला.

"आली बाबा सुखरूप. जेवतेय."

"दे तिला जरा."

पलीकडे थोडी कुजबुज झाली.

"नको म्हणते रे."